तारमॅडमचा शेवटचा बीम

तारमॅडमच्या चहात हमखास तार सापडायची. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात त्या सिव्हिलला शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी एक बारीक तार माझ्या हातात दिली. "चुरगळ गो, हवी तशी." मी तिचा पार बोळा केला. मॅडमनी तो वाफाळत्या चहात टाकला आणि तार क्षणात सरळ झाली. अख्खा वर्ग आ वासून बघत राहिला. त्यांनी तार बाहेर काढली, पदराला पुसली आणि तोच चहा पिऊन टाकला.

तार निकेल आणि टायटॅनियमची होती. ऊब मिळाली की तिला आपला मूळ आकार आठवतो. अशा तारा ताणून त्यांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात घालायचे. पुढे भेग पडली की मसाला तापवायचा, म्हणजे तारा आखडून भेग ओढून घेतील, हे मॅडमचं वेड. "बुजवणं वेगळं, मिटणं वेगळं," त्या म्हणायच्या.

मॅडम मूळच्या मालवणकडच्या, राहायला चारकोपला. तोंडी परीक्षेत कुणी अडकलं आणि परीक्षक पुढे सरकू लागले, की त्या हात आडवा घालायच्या. "थांबा वो, तेका आठवूंदे." पोराला बहुतेक वेळा आठवायचंही.

एकदा मात्र त्याच फसल्या. असा मसाला ओतून आम्ही छोटे बीम केले होते. लवकर पक्के व्हावेत म्हणून त्यांनी ते गरम पाण्याच्या टाकीत ठेवायला सांगितले. मसाला अजून कच्चा, आणि तारांना आतल्या आत आठवलं! सगळे बीम तडकून बाहेर आले. मॅडमनी कपाळावर हात मारला. "सगळ्याची वाट लावली गो मी! मीच शिकवते नि मीच विसरते." त्या हसल्या, पण तार आता एकाच बीमपुरती उरली होती. निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती.

शेवटचा बीम साध्या पाण्यात, सावकाश पक्का होऊ दिला. यंत्राखाली त्याला नख शिरेल एवढी भेग पडली. दाब काढून मॅडमनी गरम हवेचा झोत धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती भेग आकसत गेली. अंगावर सर्रकन काटा आला. निर्जीव मसाल्यात असं काही घडू शकतं, यावर बघूनही विश्वास बसेना. "झकास!" पोरं ओरडली.

मॅडम बीमवरून बोट फिरवत होत्या. "मला दिसत नाही गो. तू सांग. खरं काय ते सांग."

'पूर्ण मिटली' हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"मॅडम, केसाएवढी उरलीय."

"मग तसंच लिही," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

पुढच्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो त्यांनी नुसता माझ्या शब्दावर घेतला. एवढ्या मोठ्या बाईने माझ्यावर टाकलेला तो विश्वास आठवला की आजही माझी मान आपोआप आदराने झुकते.