भाऊजींपर्यंतची आच

माझ्या वहिनीकडे मनगटी घड्याळ होतं, पण आगीपुढे बसताना ती ते काढून खिडकीत ठेवायची. आच मोजायला तिला घड्याळ लागत नसे. निखारे पसरले की त्यांच्यावर वीतभर उंचीवर तळहात आडवा धरायची आणि घरातली माणसं मोजायची. "आई, बाबा, हे, भाऊजी, जाऊबाई, चिमणी." घाईघाईने नाही, एकेकाला जेवायला हाक मारावी तसं. 'हे' म्हणेपर्यंतच हात काढावा लागला तर आच फार कडक, थांबायचं. भाऊजींपर्यंत हात टिकला तर कोंबडी जाळीवर टाकायची. चिमणीपर्यंत टिकला तर बटाटे आणि कांदे राखेत सरकवायचे. आणि चिमणीच्या पुढेही हात आरामात राहिला तर म्हणायची, "आता एक तर घरात माणसं वाढवा, नाहीतर लाकडं."

त्यातले भाऊजी म्हणजे मी. कोंबडी माझ्यावर ठरते याचा मला उगाच अभिमान होता. आमचे बाबा गेले, तरी तिच्या मोजणीतून गेले नाहीत. मी एकदा विचारलं, "वहिनी, आता बाबांना कशाला मोजता?"

"एक माणूस गाळला तर कोंबडी करपेल, भाऊजी," ती म्हणाली, आणि मलाच लिंबं आणायला पिटाळलं.

वहिनी एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. भल्यामोठ्या यंत्रातून ओल्या चादरींचे पिळे ओढून काढायचे, गाडीवर लादायचे, मग वाफेच्या इस्त्रीखाली एकेक सरकवायची. बुटकी बाई, पण दंड माझ्यापेक्षा भरलेले. आठवडाभर वाफेत उकडून निघायची आणि रविवारी पुन्हा घरामागच्या अंगणात आग पेटवून बसायची. आई तिला म्हणायची, "अगं, एक दिवस तरी गार बस." त्यावर वहिनी हसायची. "तिथे मी यंत्राच्या हाताखाली असते, आई. इथे आग माझ्या हाताखाली."

ते रविवार आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं. सहा विटांची चूल, त्यावर मी जुन्या खिडकीच्या गजांची करून दिलेली जाळी. दादा कांदे निवडायचा आणि निम्मे घरंगळवायचा. माझी बायको लिंबं चिरायची. पुतणी चिमणी पुठ्ठ्याने वारा घालायची आणि राख सगळ्यांच्या डोक्यात उडवायची. आई खुर्चीत बसून हुकूम सोडायची, ते कुणीच ऐकायचं नाही. राखेतला कांदा बाहेर काढला की त्याचं वरचं साल काळं ठिक्कर पडलेलं असे. वहिनी तो दोन बोटांत धरून दाबायची, आतला मऊ गर सुळकन ताटात. मीठ, लिंबू, बस्स. बोटं भाजायची, जीभ भाजायची, पण निवेपर्यंत थांबेल तर शपथ. कोण जास्त खातं यावरून भांडणं व्हायची आणि दरवेळी दादा हरायचा, कारण तो बोलता बोलता खायचा आणि मी गप्प राहून खायचो.

माझं काम लाकूड आणायचं. मी सुतार. फर्निचरच्या कारखान्यात माझी हयात गेली. तिथे कापकामातून उरलेल्या लाकडाचे दोन ढीग असायचे. करवतीच्या मागचा ढीग चांगल्या, कोरड्या, भरीव लाकडाचा. फाटकाजवळचा ढीग भंगाराचा. त्यात जुनी रंगवलेली दारं, प्लायवूडचे तुकडे आणि वाळवीचं औषध पाजलेल्या पट्ट्या. कारखान्यात पहिल्या दिवशी आलेल्यालाही सांगतात की फाटकाजवळचं लाकूड चुलीत घालायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो. मी तर नव्या मुलांना ते ओरडून सांगायचो.

वहिनीची कंबर धरायला लागली तेव्हाची गोष्ट. चादरींचे पिळे ओढून ओढून तिला सकाळी उठताना भिंतीचा आधार लागायचा. त्याच सुमाराला इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एका बाईची जागा रिकामी झाली. कँटीन चालवणाऱ्या बाईंनी वहिनीच्या रविवारांबद्दल ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "मी कुणाच्या सांगण्यावर माणूस घेत नाही. तुमच्या हातचं खाईन, मग ठरवीन." वहिनीने त्यांना नवऱ्यासकट रविवारी दुपारी बोलावलं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मला तिने तीनदा बजावलं, "भाऊजी, लाकूड शनिवारीच आणून ठेवा. चांगलं बघून आणा."

शनिवारी संध्याकाळी मी मित्रांकडे पत्ते खेळत बसलो आणि साफ विसरलो. रविवारी सकाळी आठवलं तेव्हा पोतं घेऊन धावलो. कारखाना बंद, कुलूप मोठं. पण फाटकाशेजारची भिंत कमरेएवढी, आणि फाटकाजवळचा ढीग हाताच्या अंतरावर. त्यात काही पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. त्या मी पोत्यात भरल्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लाकूड हातात आलं की मी ते आधी हुंगतो. तीस वर्षांची सवय आहे, बायको त्यावरून थट्टा करते. त्या दिवशी मी हुंगलं नाही. हुंगलं असतं तर परत टाकावं लागलं असतं.

आग पेटली आणि पहिला धूर अंगणात फिरला तेव्हाच मला कळलं. औषधाचा तो वास मी झोपेतही ओळखीन. वहिनीने नाक आक्रसलं. "भाऊजी, लाकूड बरं आहे ना? आज धूर वेगळा येतोय."

"थोडं दमट असेल," मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. लाकूड हा माझा प्रांत होता. निखारे झाले, तिने हात धरला, "आई, बाबा, हे, भाऊजी," आणि कोंबडी जाळीवर टाकली. तेवढ्यात पाहुणे आले. मी अजूनही बोलू शकलो असतो. मी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत राहिलो.

कँटीनच्या बाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. नवऱ्याला ठसका लागला. अकरा वर्षांची चिमणी घास तोंडात धरून म्हणाली, "आई, कडू लागतंय." तेव्हा मात्र मी ताडकन उठलो. मोठ्याने म्हणालो, "टाका, टाका, कुणी खाऊ नका. वहिनींच्या हातून मसाला करपलेला दिसतोय."

सगळ्यांनी ताटं बाजूला केली. कुणाला काही झालं नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी वेळेवर ओरडलो म्हणूनच काही झालं नाही. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलतो, ते मला त्या दिवसांत कळलं. कँटीनच्या बाई समजूतदारपणे म्हणाल्या, "होतं असं एखाद्या वेळी." पाव आणि लिंबाचं सरबत घेऊन त्या गेल्या. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

पाहुणे गेल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनीने मसाल्याच्या सगळ्या बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीतली चिमूट जिभेवर ठेवून बघत होती. मीठ, मिरी, हळद, तेल. नेमकं काय बिघडलं ते शोधत होती. मी दारात उभा राहून अख्खा पेला पाणी प्यायलो, पेला विसळून ठेवला आणि निघून आलो. आजवर मी पुष्कळ वाईट वागलो असेन, पण तो विसळलेला पेला आठवला की मान वर होत नाही.

वहिनी पुन्हा आगीपुढे बसली नाही. "मला आता आच कळत नाही," एवढंच म्हणायची. एकदोन रविवार दादाने धडपड केली, कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची राहिली, मग विटांवर शेवाळ चढलं. वहिनी कंबरेला पट्टा बांधून आणखी अकरा वर्षं चादरी ओढत राहिली. घरात गॅसवर रांधायची, पण प्रत्येक पदार्थ चाखायची, दादाला चाखायला द्यायची, आणि मगच वाढायची.

मी काय केलं? मी तिला स्टूल करून दिलं, बरोबर तिच्या कंबरेला बेतलेलं. मग कपाट. मग पाय ठेवायला पाट. नातेवाईक म्हणायचे, "दीर मिळावा तर असा." मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या महिन्यात वहिनी निवृत्त झाली. चिमणी नोकरीच्या गावाहून चार दिवस आली होती. तिने विटांवरचं शेवाळ खरवडलं आणि जाहीर केलं की रविवारी दुपारी आग पेटणार.

"तुझे काका करतील," वहिनी म्हणाली. "माझा हात त्याच दिवशी गेला."

हे ती अगदी सहज म्हणाली, दात पडला म्हणावं तसं. मी कारखान्यात जाऊन करवतीमागच्या ढिगातलं लाकूड आणलं. एकेक तुकडा हुंगून. रविवारी अंगणात ते पेटवलं. दादा कांदे निवडत होता, माझी बायको लिंबं चिरत होती, हुकूम सोडायला आई आता नव्हती. वहिनी जरा दूर, माझ्या त्या स्टुलावर बसली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मसाला करपला नव्हता."

"कुठल्या दिवशी?" तिने विचारलं, पण कोथिंबीर निवडणारे तिचे हात थांबले होते.

मी सगळं सांगितलं. पत्ते, भिंत, फाटकाजवळचा ढीग, औषध. हुंगलं नाही ते. पहिल्याच धुराला कळलं होतं ते. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, विटांकडे बघत बोललो. दादा "अरे..." म्हणाला. माझ्या बायकोने सुरी खाली ठेवली.

वहिनीने विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता?"

"हो."

"भाऊजींपर्यंतच मोजलं होतं मी. नीट मोजलं होतं."

"हो, वहिनी."

"अकरा वर्षं मी चाखल्याशिवाय कुणाला वाढलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लेक घरी यायची, तर तिच्यासमोर चमचा चाटून बघायची मी. तिला वाटायचं आई भित्री झाली. कंबरेचं सोडा. कँटीनचंही सोडा. पण या पोरीच्या तोंडात घास होता, भाऊजी. तुम्हाला माहीत होतं आणि हिच्या तोंडात घास होता."

इतक्या वर्षांत माझे सगळे गुन्हे मी स्वतःपुढे वाचले होते. हा त्यांत नव्हता. चिमणी माझ्याकडे बघत होती. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून कारखाना बघायला येणारी पोर. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

वहिनी स्टुलावरून उठली. ते तिने पायाने बाजूला सरकवलं आणि चुलीजवळ, जुन्या जागी, जमिनीवर बसली. निखारे तयार झाले होते. चिमणी कोंबडीचं ताट घेऊन उभी होती. "आच कोण बघणार?" तिने हळूच विचारलं.

"तुझे काका," वहिनी म्हणाली. "धरा हात."

मी हात धरला. "आई," मी म्हणालो. "बाबा. दादा." पुढे माझं मलाच म्हणायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. हात पोळायला लागला, मी तो मागे घेतला.

"दादापर्यंतच? म्हणजे आच कडक आहे," माझी बायको म्हणाली.

"आच बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "मोजणारेच स्वतःला गाळतायत."

तिने घड्याळ काढून दादाकडे दिलं. तळहात निखाऱ्यांवर आडवा धरला. "आई, बाबा, हे..." आणि ती थांबली. हात तसाच आचेवर.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि हात काढला. "कोंबडीसाठी मोजलंय. दुसरा काही अर्थ काढू नका."

कोंबडी छान भाजली गेली. वरून खरपूस, आतून मऊ. वहिनीने पहिला तुकडा थेट चिमणीच्या ताटात वाढला. चाखला नाही. दुसरा दादाला, तिसरा माझ्या बायकोला, तेही न चाखता. दादाचे डोळे भरून आले आणि त्याने ते धुरावर ढकललं.

शेवटी ती माझ्यापुढे आली. तुकडा ताटात टाकला नाही. चिमट्यात धरून माझ्या नाकासमोर आणला.

"हा आधी हुंगा," ती म्हणाली.

सगळे बघत होते. मी हुंगला.