टँकरचं उघडं दार

त्या दुष्काळात डोंगरमाथ्यावरच्या शाळेत मी एका ड्रायव्हरच्या टँकरमधून जायचो. गाडी दूध संघाची. जनावरं छावणीला गेल्यावर दूध बंद झालं आणि तिच्यातून पाणी वर जाऊ लागलं. त्या पाण्याला आंबूस वास यायचा.

घाट लागला की ड्रायव्हर आपलं दार किलकिलं करून कोपराने धरून ठेवायचा. माझं लावलेलं दिसलं की खवळायचा.

"कावून लावलं, गुरुजी? गाडी मागं सरकली तर उडी कुठून मारताल?"

माथा येईपर्यंत मी त्या फटीकडेच बघत राहायचो.

एका सकाळी शेवटच्या चढावर गाडी बंद पडली. ब्रेक लागेना. आम्ही मागे सरकू लागलो.

"उतरा!" तो ओरडला. मी उडी टाकली, आपटलो, वळून पाहिलं. खालच्या वळणावरून बायका हंडे घेऊन चढत होत्या. त्यानेही आरशात त्यांना पाहिलं असावं. कोपराशी उघडं असलेलं दार त्याने धाडकन लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला ओढलं.

टाकी कपारीला घासत थांबली. मी धावत गेलो. तो समोर बघत बसला होता.

"दार तुमीच उगडा, गुरुजी," तो म्हणाला. "माजा हात उचलंना."