तीन सारखी गाणी

एकच गाणं तीन वेगवेगळ्या दिवशी म्हणून दाखवाल का, असं मी काकांना विचारलं आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. काका म्हणजे बाबांचे स्टील प्लांटमधले जुने सोबती आणि सेक्टर 2 मधल्या आमच्या भीमगीत मंडळाचे मुख्य गायक. रूळ तयार होतात त्या मिलच्या तपासणी विभागातून ते रिटायर झाले आहेत.

मी संगीतात संशोधन करते. तेव्हा पहिलंच वर्ष होतं आणि विषय मी हट्टानं मागून घेतला होता: आमच्या मंडळाचे गायक गाता गाता नव्या ओळी कशा रचतात. जयंतीच्या कार्यक्रमात काका ठरलेलं गाणं म्हणता म्हणता समोर बसलेल्या कोणालाही मध्येच ओळीत ओढतात. कोणाची नवी गाडी, कोणाची इथल्याच जवळच्या जामुलहून येणारी आणि तरी कधीच वेळेवर न पोचणारी सासू. याला आमच्याकडे भर घालणं म्हणतात. ज्याच्यावर भर पडली त्यानं उलट एक ओळ म्हणायची, आणि तो म्हणेपर्यंत ढोलकी समेवर येत नाही, नुसती फिरत राहते. मी विहाराच्या खांबामागे बसायचे, त्यामुळे माझ्यावर कधीच भर पडली नव्हती.

माझ्या गाइड मॅडमना हे सगळं आवडलं, पण पटलं नाही. "ही उपज आहे की पाठांतर, ते ऐकून कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकच गाणं वेगवेगळ्या दिवशी कसं बदलतं, ते सोमवारी कमिटीला ऐकव. नाही जमलं तर लायब्ररीतल्या जुन्या स्वरलिपींवर काम कर. तुझ्या स्वभावाला तेच बरं पडेल."

शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी विहाराच्या हॉलमध्ये रेकॉर्डर लावला आणि कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मंडळानंच बांधलेलं, मुलींच्या शाळेवरचं गाणं म्हटलं. छान म्हटलं. भर काही पडली नाही. गुरुवारी पुन्हा तेच गाणं, तसंच. शुक्रवारी तर काकांनी श्वाससुद्धा त्याच जागी घेतला.

"घे," ते घाम पुसत म्हणाले. "तिन्ही पीस सेम टु सेम. एक बाल इकडचा तिकडं नाही. सकाळपासून प्रॅक्टिस करून राहिलो आमी."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडून फक्त "थँक यू, काका" निघालं.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मिलमध्ये एकाच मालाचे तुकडे तपासायला जातात. ते एकसारखे निघाले तर माल पास, फरक निघाला तर अडकला. काकांनी जन्मभर हेच पाहिलं होतं. तपासायला विद्यापीठ येणार म्हटल्यावर त्यांनी मंडळाची इज्जत राखली होती.

"मग सांगून दे ना त्यायले," आई म्हणाली.

"कसं सांगू?"

"तोंडानं."

शनिवारी मी काकांच्या क्वार्टरवर गेले. मला मराठी फक्त घरात बोलायची सवय. बाहेर मध्येच हिंदी येते आणि घाबरले की इंग्रजी. तिन्ही भाषा वापरून मी एकदाचं सांगितलं, की मला सारखं नको होतं, वेगळं हवं होतं.

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे आमी फेल?"

"तुम्ही पास, काका. मी फेल होणार तुमच्यामुळे."

ते इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आइक वं, हे पोरगी बोलते!" ते म्हणाले. "आता सांग, कोन्या जागी वेगळं पायजे?"

"ते मी सांगितलं तर ती भर कशी होईल?"

"हे बी खरं हाय."

रविवारी सकाळी पुन्हा सगळे जमले. काकांनी प्रयत्न केला, पण ओळ सुचेना. एकदा पंख्यावर काहीतरी जुळवलं आणि स्वतःच तोंड वाकडं केलं. शेवटी ढोलकीवाले मामा वैतागले. हे हथखोजच्या एका कारखान्यात वेल्डर आहेत आणि कोणाचीही भीड ठेवत नाहीत.

"समोर मानूस असन तं सुचते," ते म्हणाले. "या डबड्याकडं पाहून कोनाले सुचन? पोरी, तू कावून तिकडं लपून राहिली? ये इकडं, कोरसात बस."

"मला रेकॉर्डिंग करायचंय, मामा."

"ते मशीन करते. तुले थोडीच वाजवा लागते?"

बाबांनी माझ्या कानावरचे हेडफोन काढून घेतले. बाहेर भाजी घेणाऱ्या दोन मावशा आवाज ऐकून आत आल्या आणि पिशव्या घेऊनच बसल्या. मी कोरसात बसले, मावशांच्या मागे होता येईल तितकं मागे. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यानंतर काकांनी मान वळवली आणि मला कळलं, आता काही खरं नाही.

"इंग्रजी शाळा शिकली पोर," त्यांनी सूर लावला, "बोलाले लावा क्रेनचा जोर!"

हॉल हसला. ढोलकी फिरायला लागली. मी खाली बघितलं. एक फेरा गेला. मामा मुद्दाम मोठ्यानं वाजवत होते आणि भुवया उडवत होते. दुसरा फेरा गेला. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती: ओळ आपण शोधत नाही, ढोलकी आपल्याला ढकलत तिच्यापर्यंत नेते. गप्प राहणं जास्त लाजेचं वाटायला लागलं आणि माझं तोंड उघडलं.

"काका तीनदा गायले सेम, रिटायर झाले, सुटेना नेम!"

सूर साफ चुकला होता. पण ढोलकी दाणकन समेवर आली, मावशांनी माझी ओळ कोरसात उचलली, आणि काकांनी गाणं थांबू न देता लगेच दुसरी फेकली, भाजीच्या पिशवीतल्या दोडक्यावर. त्यानंतर तासभर कोणीही सुटलं नाही. बाबाही नाही.

सोमवारी सकाळच्या बसमध्ये मी माझी ओळ कापून टाकायचं ठरवलं आणि दोनदा ऐकून बेत रद्द केला. ती कापली तर काकांची पुढची ओळ का आली, हेच कळलं नसतं.

सेमिनारमध्ये मी आधी शुक्रवारचं गाणं लावलं, मग रविवारचं. ढोलकी फिरायला लागली तेव्हा कमिटीतल्या ज्येष्ठ सरांची बोटं टेबलावर फिरत होती. माझा फाटका आवाज आला आणि सर चक्क हसले. मॅडम मात्र माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"उपज आहे, शंका नाही," सर म्हणाले. "विषय चांगला आहे, सोडू नका. पण ही जबाब देणारी मुलगी कोण? सगळं तिच्यामुळे फिरलंय. तिची मुलाखत घेतलीत का?"

"अजून नाही, सर," मी म्हणाले. "ती फारशी बोलत नाही."