रतनबाईचा सकाळचा हात

काष्टीच्या बाजारात मारुतीच्या पाराला लागून रतनबाई कासारणीची बैठक असे. गावच्या बायांना ती तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखायची. कुणाचा हात खुरपणीनं निबर झालाय, कुणाचा बाळंतपणानंतर सुजलाय, कोण माहेरच्या आठवणीनं झुरतेय, हे तिला हात हातात घेतला की कळे. अंगठा तळहाताकडे दुमडायचा, बोटांची मुळं दाबत दाबत हात सैल करायचा, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर उतरलेली असायची. नवरा रखमाजी बांगड्यांच्या माळा सोडून द्यायचा, रंग दाखवायचा. भरायचं काम मात्र तिचंच.

बहात्तरच्या दुष्काळात बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. काचेच्या बांगड्या कामावर टिकत नसत, पण हात रिकामा ठेवायचा कसा, म्हणून दोन-दोन तरी भरून जात. त्याच हंगामात रतनबाईचा उजवा अंगठा आपोआप हलू लागला. जपमाळ ओढावी तसा तो बोटावरून फिरत राही. आधी हात नुसता मांडीवर असतानाच हले. मग बोटं ताठरली आणि बांगड्या तडकू लागल्या.

"वाढली गं बाई," असं म्हणून ती दुसरी घेई; बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. तीही वाढे. एकदा गावातल्या राहीबाईच्या मनगटाला काच लागून रक्त आलं. पुढच्या बाजारी राहीबाईनं हात रखमाजीपुढे धरला. बघता बघता बाकीच्याही तिकडेच सरकल्या. रतनबाई शेजारी बसून परक्या झालेल्या त्या हातांकडे बघत राही.

हात गेले ते गेले, चेहराही थिजला. शेजारची सुमनबाई नवसाचं पोर दाखवायला आली. रतनबाईला पोटातून उमाळा आला होता, पण तोंडावरची रेघ हलली नाही. शब्दही घशातच विरले. सुमनबाई खट्टू होऊन उठली. "मावशीला काय आनंद झालेला दिसत न्हाई," असं ती दारात कुणाला तरी म्हणाली. रतनबाईनं ते ऐकलं आणि रात्रभर तिला कूसही बदलता आली नाही.

अंगारे झाले, ताकदीची इंजेक्शनं झाली. तेलाच्या मालिशीनं अंग घटकाभर सैल पडे, इतकंच. शेवटी रखमाजीनं तिला दौंडवरून रेल्वेनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, मनगट वाकवून पाहिलं.

"याला कंपवात म्हणतात, पार्किन्सन," ते म्हणाले. "मेंदूत एक रस असतो, त्याच्यावर हातपाय मोकळे चालतात. तो यांच्यात आटत चाललाय."

"आटलेलं भरून येतं का वो, सायेब?" रखमाजीनं विचारलं.

"झरा परत फुटत नाही. पण आता एक नवं औषध निघालंय. वरून पाणी घालावं तसं ते काम करतं. रोज घ्यावं लागेल, आणि मिळवायला खटपट पडेल. मुंबईहून मागवावं लागतं."

रतनबाई बारीक आवाजात म्हणाली, "मला बांगड्या भरता येतील?"

डॉक्टर म्हणाले, "आधी स्वतःची वेणी घालता येऊ दे. मग बघू."

सुरुवातीला औषधानं जीव नकोसा केला. गोळी पोटात गेली की भडभडून ओकारी. "नगं मला ह्ये, तसंच मरू द्या," ती म्हणायची. रखमाजी पुन्हा पुण्याला गेला. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि घासभर खाऊन घ्या, हळूहळू वाढवा म्हणाले. पावलं उंबऱ्याशी चिकटतात हेही रखमाजीनं सांगितलं, तेव्हा त्यांनी जमिनीवर रेघा मारायला सांगितलं. घरी येऊन त्यानं खाटेपासून दारापर्यंत चुन्याच्या आडव्या रेघा ओढल्या. गंमत अशी, की सपाट जमिनीवर रुतणारं तिचं पाऊल रेघ दिसली की ती ओलांडायला उचलायचं.

आणि एका सकाळी ती आपली आपण कुशीवर वळली. उठून बसली. केसांचा अंबाडा घातला. चुलीवर दूध उतू जात होतं आणि रखमाजी फडकं समजून स्वतःच्या धोतराचा सोगा पुढे करत होता, ते बघून ती खुदकन हसली. रखमाजी तसाच उभा राहिला.

"अगं, हसली तू!"

"दूध बघा आधी," ती म्हणाली.

राहीबाईच्या लेकीचं, चांगुणाचं लग्न ठरलं होतं. चांगुणाच्या बाळमुठीत पहिल्या काळ्या बांगड्या रतनबाईनंच चढवल्या होत्या. लग्नाचा हिरवा चुडा मात्र श्रीगोंद्याचा कासार भरणार असं ठरलेलं. नवरीच्या हातात बांगडी वाढली तर अपशकुन, आणि राहीबाईला तीच धास्ती. रतनबाई चुन्याच्या रेघा नसतानाही भिंतीला धरत तिच्या दारी गेली.

"सकाळी हात चांगला चालतो माझा. एकदा भरू दे."

राहीबाईनं लेकीकडे पाहिलं. चांगुणाच पुढे आली. "मावशीनंच भरायचा. वाढली तर वाढली."

हळदीच्या सकाळी रतनबाईनं गोळी घेतली, अंग मोकळं होईपर्यंत थांबली आणि पोरीचा हात हाती घेतला. किती महिन्यांनी! तो ऊबदार, मऊ हात दाबताना तिचे डोळे भरून आले. डावा हात भरला, एकही बांगडी तडकली नाही. उजवा निम्मा झाला आणि औषधाचा अंमल उतरू लागला. अंगठा फिरू लागला. तिला अजून भरायचं होतं. फार भरायचं होतं. पण हट्ट धरला असता तर पोरीच्या हाताला काच लागली असती. तिनं बांगडी खाली ठेवली.

"अवं, तुमी घ्या आता."

रखमाजी पुढे सरला. ती शेजारून सांगत राहिली, "करंगळीकडनं दाबा... हां, आता सोडा." चुडा पुरा झाला. राहीबाईनं दोघांनाही ओवाळलं.

त्यानंतर गावानं तिची वेळ ओळखली. बाया रानात जाण्याआधी येऊ लागल्या. पुढे औषधानं अंग वेडंवाकडं हलू लागलं, डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, तरी सकाळ तिची राहिली. दुपार मात्र लांबच लांब असे. रखमाजी बांगड्यांचं ओझं घेऊन एकटाच वांगदरीसारख्या खेड्यांवर जाई आणि ती ओट्यावर बसून राही. तो परतला की पहिला प्रश्न ठरलेला.

"वांगदरीची थोरली पाटलीण भेटली? हात कसा हाय तिचा?"

"हातासारखा हात. कसा असायचा?"

"वाळलाय का? थंड लागतो का?"

"मी काय त्ये बघत बसतो व्हय?"

"तुमाला न्हाई कळायचं," ती म्हणे, आणि वांगदरीच्या वाटेकडे बघत राही.

एकदा हे बोलणं झाल्यावर रखमाजीनं सुटलेल्या माळा पुन्हा नीट बांधल्या. मग म्हणाला, "उद्या पहिल्या यष्टीनं वांगदरीला चल. जेवढं जमंल तेवढं भर. दुपारी माघारी येऊ."

रतनबाई उठली, आणि पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढायला आत गेली.