दाब सोडलात का?

माझ्या मावशीला सगळे फवारामावशी म्हणतात आणि तिला ते आवडतं. पेट्रोलवर चालणारं, जोरदार झोत मारणारं यंत्र घेऊन ती अंगणं, भिंती, गोदामांची तळघरं धुते. मी टेम्पो चालवते आणि तिच्याशी भांडते. दोन्ही कामांना सुट्टी नसते.

तिच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. पूर्वी हे काम ती आणि काका मिळून करायचे. काका हौशी माणूस, पण शिस्तीच्या नावानं बोंब. इंजिन बंद केलं तरी पाइपात दाब कोंडून राहतो. पाइपाच्या टोकाला झोत मारायची बंदूक असते, तिचा घोडा ओढून तो सोडायचा असतो. काका कधीच सोडायचे नाहीत. मावशी रोज ओरडायची, "अहो, दाब सोडलात का?" काका म्हणायचे, "सोडतो गं, पाणी काय पळून जातंय?" एकदा तिनं पडलेली बंदूक उचलली आणि कोंडलेला झोत बोटात घुसला. वरून दिसत होता फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका. आतून बोट सडत गेलं. एवढं होऊनही पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे एका गोदामाच्या तळघरात पाइप कमी पडला, म्हणून काकांनी यंत्रच आत नेलं. धुराचा वास येतो, पण त्यातलं जे माणूस मारतं त्याला वास नसतो. संध्याकाळी ते भिंतीला टेकून बसलेले सापडले. गाल लालबुंद, आत्ताच उन्हातून आल्यासारखे. तेव्हापासून मावशीला गुलाबी गालांची भीती वाटते. लहान बाळांचे गालसुद्धा ती कधी ओढत नाही.

मग तिनं नियमच केला. यंत्र बाहेर, उघड्यावर. आत जाणार तो फक्त लांबलचक पाइप. माझा पाय पाइपावर आणि कान इंजिनावर. घोडा ओढला की इंजिनाचा आवाज जड होतो, सोडला की हलका. काम करता करता ती मध्येच पटापट दोनदा ओढून सोडायची. म्हणजे, 'मी ठीक आहे.' तीनदा झालं तर, 'इंजिन बंद कर आणि धावत ये.' तीनची वेळ कधी आली नव्हती.

काका गेले त्या गोदामाचं काम ती दरवर्षी नाकारायची. यंदा हो म्हणाली. मी कपाळावर हात मारला. "वेड लागलंय का तुला?"

"अगं, त्या भिंतीवर त्यांच्या पाठीचा डाग आहे म्हणे अजून. तो दुसऱ्या कुणी का धुवावा?"

गेलो.

दुपारी पावसाची सर आली. मी ताडपत्री आणायला मागच्या फाटकाशी उभ्या केलेल्या टेम्पोकडे पळाले. ताडपत्री नेमकी तेव्हाच अडकली, मी तिचा उद्धार करत होते. तेवढ्यात इंजिनाचा आवाज एकदम दबका झाला. मग जड, हलका. जड, हलका. जड, हलका. थोडा वेळ थांबून पुन्हा तीनदा. ताडपत्री मी तिथेच टाकली.

धावत आले तर यंत्र जागेवर नव्हतं. रखवालदारानं ते आत, उतारावर लोटलं होतं आणि शटर जवळजवळ खाली ओढलं होतं. पाइपाचं उरलेलं वेटोळं तेवढं बाहेर पडलं होतं. "भिजत होतं हो ताई," तो म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. मी त्याला बाजूला ढकललं, शटर वर फेकलं, इंजिन बंद केलं आणि श्वास धरून खाली उतरले.

मावशी उताराच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. गाल गुलाबी. क्षणभर मला तिला हात लावायचीच भीती वाटली. मग तिच्या काखेत हात घालून मी आणि रखवालदारानं तिला पावसात ओढून आणलं. त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला.

तोंडावर पाणी पडलं तसे तिनं डोळे उघडले. मी रडतही होते आणि तिच्यावर ओरडतही होते. "तीनदा खूण केलीस म्हणून वाचलीस!"

"कसली खूण?" तिची जीभ जड झाली होती. "डोकं गरगरायला लागलं तशी बंदूक खाली ठेवली मी. खटका लावला नि निघाले. पुढचं आठवत नाही."

खटका लावला की घोडा हलत नाही. मी वाकून खाली पाहिलं. बंदूक पार पलीकडे, डागाच्या भिंतीखाली पडलेली दिसत होती. तिच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं. डाग मात्र अजून ओला होता, आणि टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीएवढ्याच उंचीवर होता.

"दाब सोडलास का?" मावशीनं सवयीनं विचारलं.

मी कुठला सोडतेय? पाइप माझ्या पायाखाली काठीसारखा ताठ होता, आणि आत जायची कुणाची छाती होती?

तेवढ्यात तळघरातून फुस्स असा आवाज आला. माझ्या पायाखालचा पाइप हळूहळू मऊ पडला. रखवालदार दोन पावलं मागे सरकला, फोन कानाला तसाच लावून.

मावशीनं अर्ध्या बोटाच्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. तिची नजर खालच्या अंधाराकडे होती. ती रडत होती, आणि मध्येच हसूही येत होतं तिला.

"अहो, घसा फोडून सांगितलं इतकी वर्षं," ती म्हणाली, "आज ऐकलंत होय!"