भट्टीच्या बाई

आमच्या बाई भित्र्या होत्या आणि ते त्या लपवत नसत. भट्टी चालू करण्याआधी पदराला हात पुसत आणि सरळ सांगत, "मला भीती वाटतेय. तुम्हाला वाटत नसेल तर आज घरी जा." एमएस्सीची आम्ही चार पोरं खाली बघून हसायचो. भिणारा शिक्षक आम्ही तोवर पाहिला नव्हता.

मोठ्या संस्थेत शिकून त्या केज तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात आल्या होत्या. लोखंडाची पूड आणि सेलेनियम क्वार्ट्झच्या नळीत घालायचं, हवा काढून नळी बंद करायची आणि कित्येक दिवस तापवायची, हे त्यांचं काम. त्यातून निघणारे काळे खडे भयंकर थंड केले की त्यांच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. तेवढं थंड करायची सोय आमच्या कॉलेजात नव्हती, म्हणून खडे बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचे. लोखंड असल्या कामाचं नाही असं पूर्वी सगळे धरून चालले होते. बाई म्हणायच्या, "ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती, त्यानंच करून दाखवलं बघा," आणि माझ्याकडे बघायच्या. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात माझे वडील पोती उचलायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला.

नळी हळूहळू तापवावी लागते. घाई झाली तर आत सेलेनियमची वाफ कोंडते, नळी फुटते आणि ती वाफ छातीत जाते. आमचा जुना कंट्रोलर लाइट गेली की सगळं विसरायचा आणि लाइट आली की पूर्ण जोरानं तापवत सुटायचा. त्यामुळे बाईंचा एकच नियम होता: लाइट गेली की आधी भट्टीचं बटण बंद.

त्या दुपारी लाइट गेली तेव्हा भट्टीपाशी मी एकटा होतो. तेवढ्यात घरून फोन आला. नोकरीचं काय झालं, असं वडील विचारत होते. मी बोलत बोलत व्हरांड्यात आलो आणि बटण विसरलो.

परत फिरलो तेव्हा लाइट कधीच आली होती आणि तापमानाचा काटा लाल खुणेच्या पुढे गेला होता. मी दारातच थांबलो. बाई धावत आल्या. मेन स्विचही त्याच खोलीत, भट्टीच्या मागं होता; बंद करायला कुणाला तरी आत जावंच लागणार होतं.

"बाई, चूक माझी हाय. मी आत जातो."

"चूक कुणाची हे नळीला कळतंय का? बाहेर हो. दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. आत बटणाचा खटका वाजला आणि लगेच नळी फुटली. फटीतून सडलेल्या मुळ्यासारखा वास आला. बाई खोकत, भिंत धरून बाहेर आल्या. पदर तोंडावर होता.

चौकशीत त्यांनी लिहून दिलं की भट्टी त्यांची, जबाबदारी त्यांची. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. मला पुढं पीएचडीला जायचं होतं. मी तोंड उघडलं नाही. खोलीला कुलूप लागलं. वर्षभरात बाई नोकरी सोडून लिंबागणेशला भावाकडे गेल्या. मला प्रवेश मिळाला, तो त्यांच्याच शिफारशीवर.

आठ वर्षं मी त्यांच्या दारात गेलो नाही, भीतीनं. या दिवाळीत गेलो. त्यांनी आत बसवलं, चहा टाकायला सांगितला. मी मान खाली घालून म्हणालो की चौकशीत मी बोलायला हवं होतं.

"मला कशापायी सांगतोस?" त्या म्हणाल्या. मधे थांबून श्वास घेतला. "मला माहीतच हाय. तुझ्या हाताखाली पोरं येतात ना आता? त्यांना सांग."

सुट्टी संपल्यावर माझ्या प्रयोगशाळेतल्या भट्टीसमोर नव्या सहा विद्यार्थ्यांना मी सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही. सांगताना भीती वाटतेय, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "सर, त्या बाई आता कशा आहेत?"

"चार पायऱ्या चढायला त्यांना दोनदा बसावं लागतं," मी म्हणालो.