पांढरा नारळ
आज सकाळी घरी नारळ नासका निघाला आणि त्या आंबूस वासानं मला जालन्यातलं ते देवीचं देऊळ आठवलं. मंगळवारची गर्दी होती, पायाखालची फरशी नारळाच्या पाण्यानं चिकट झाली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या नोकरीच्या परीक्षेचा निकाल होता. रांगेत माझ्यापुढं आष्टीहून एसटीनं आलेली एक म्हातारी होती. “उद्या लेकीचं आपरेशन हाये, म्हनून आल्ते,” ती म्हणाली. नारळ फोडणाऱ्यानं आमच्या दोघांचे नारळ एकदमच घेतले. म्हातारी डोळे मिटून, हात जोडून उभी होती. आधी माझा फुटला, तो आतून काळा निघाला. मग तिचा फुटला, पांढराशुभ्र. “पांढरा कोणाचा?” त्यानं विचारलं. “माझा,” मी म्हणालो. म्हातारीनं डोळे उघडले आणि समोरच्या काळ्या भकलांकडं बघत राहिली. “देवीच्या मनात न्हाई वाटतं,” एवढंच बोलून तिनं ती पदरात बांधली आणि गर्दीत निघून गेली. मी तिला हाक मारली नाही. मला नोकरी लागली. तिच्या लेकीचं काय झालं ते कधीच कळलं नाही. बायकोनं मघाशी विचारलं, “टाकून देऊ का हा?” मी म्हणालो, “राहू दे, माझा आहे.”